विजेचा झटका आणि स्त्रीबीजाची जाग

विजेचा आणि प्राणाचा कांहीं गूढ संबंध आहे, ही समजूत दोनशें वर्षांहून जुनी आहे. इटलींतील बोलोन्या येथें लुइजी गॅल्व्हानी यानें, मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शानें कसा आंखडतो, तें पाहिलें आणि १७९१ सालीं आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. पुढें १८१८ मध्यें मेरी शेली या इंग्रज लेखिकेची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी निघाली, आणि निर्जीव देहांत चेतना घालणारा पंडित लोकांच्या कल्पनेंत जो एकदां शिरला, तो अजून तेथून हाललेला नाहीं. त्यामुळें मेंढीच्या किंवा डुकरिणीच्या बीजाला विजेचा झटका दिला आणि तें वाढूं लागलें असें कोणीं सांगितलें, कीं ऐकणाराला वाटतें, शास्त्रज्ञांनीं तारेंतून प्राणच ओतला! प्रत्यक्षांत वीज तेथें फार लहान काम करते. तें इतकें क्षणिक असतें कीं, डोळ्याचें पातें लवण्याच्या अवधींत तें हजारों वेळां उरकतां येईल. मात्र तेवढ्या लहान कामाची योग्य वेळ आणि योग्य मात्रा सांपडण्यास कित्येक वर्षें जावीं लागलीं, आणि त्यांत बेडकापासून म्हशीपर्यंत अनेक प्राणी कामीं आले.

प्रथम हें बीज म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. कोंबडीचें अंडें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु गाईम्हशींनाहि अंडें असतें असें म्हटलें, तर गोठ्यांत सारा जन्म घालविलेला माणूसहि क्षणभर चमकेल. यांत त्याचा दोष नाहीं. सस्तन प्राण्याचें अंडें विद्वानांनाहि १८२७ पर्यंत सांपडलें नव्हतें. त्या वर्षीं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें तें कुत्रीच्या अंडाशयांत पाहिल्याचें जाहीर केलें. इतका उशीर कां लागला, हें त्याच्या आकारावरून कळतें. गाय असो, मेंढी असो कीं डुकरीण असो, तिचें बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित् मोठें असतें. स्वच्छ कांचेवर ठेवलें तर तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तें धुळीच्या कणासारखें दिसेल, इतकेंच. भोंवतीं एक जाड, पारदर्शक कवच. कवचाच्या आंत एक अत्यंत पातळ पापुद्रा. आणि पापुद्र्याच्या आंत सगळी मिळून एकच पेशी.

शेतकरी पुढच्या सालचें बियाणें कणगींत राखून ठेवतो. ते दाणे मेलेले नसतात आणि वाढतहि नसतात. ओल मिळेपर्यंत ते थांबलेले असतात. अंडाशयांतून सुटलेल्या बीजाची स्थिति बरीचशी अशीच असते. आपल्या शेवटच्या विभाजनाच्या ऐन मध्यावर तें थबकतें. अर्धीं रंगसूत्रें टाकून द्यावयाचीं, अर्धीं ठेवावयाचीं, अशी सर्व तयारी झालेली असते, आणि तेवढ्यांत काम थांबतें. कांहीं प्रथिनें मिळून हा थांबा टिकवून धरतात. मात्र धान्याचा दाणा वर्षभर वाट पाहूं शकतो, बीजाला फार तर एखादा दिवस मिळतो. तेवढ्यांत जाग आली नाहीं, तर तें जुनें होऊन नाश पावतें.

निसर्गांत ही जाग शुक्रजंतु आणतो. तो पित्याचीं रंगसूत्रें घेऊन येतो, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. त्याचें दुसरें काम मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. बीजांत शिरतांना तो एक विशिष्ट प्रथिन बरोबर आणतो. त्याची ओळख २००२ मध्यें वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनीं पटवून दिली. त्या प्रथिनाच्या योगानें बीजाच्या आंतील कोठारें उघडतात, आणि त्यांत सांठविलेलें कॅल्शियम बाहेर पडतें. कॅल्शियम म्हणजे चुन्यांतील, हाडांतील आणि दुधांतील तेंच मूलद्रव्य. बीजाच्या एका बाजूला त्याची लाट उठते, ती दुसऱ्या बाजूपर्यंत धांवते आणि ओसरते. कांहीं मिनिटांनीं पुन्हां दुसरी. दोन लाटांमधील अंतर प्राण्याच्या जातीप्रमाणें कमी-अधिक असतें, आणि हा क्रम कित्येक तास चालतो. या लाटांमुळें थांबा धरून ठेवणारीं प्रथिनें मोडतात, अडलेलें विभाजन पुरें होतें, आणि भोंवतालचें कवच असें पालटतें कीं, दुसऱ्या शुक्रजंतूला सहसा शिरकाव मिळूं नये.

आतां विजेचा संबंध कोठें येतो, तें ध्यानांत येईल. पेशीच्या बाहेर, शरीरांतील रसांत, मुक्त कॅल्शियम आंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं अधिक असतें. मध्यें अडसर फक्त त्या पातळ पापुद्र्याचा. धरण भरलेलें आहे आणि दार बंद आहे, अशी ही स्थिति. दार क्षणभर किलकिलें करतां आलें, तर शुक्रजंतूच्या गैरहजेरींतहि कॅल्शियम आंत शिरेल आणि बीजाला जाग येईल. वीज करते तें इतकेंच. ती दार किलकिलें करते.

शुक्रजंतूवांचून बीज जागें करण्याची धडपड मात्र विजेपासून सुरू झालेली नाहीं. १८९९ मध्यें अमेरिकेंतील वुड्स होल येथील समुद्रकांठच्या प्रयोगशाळेंत जॅक लोब यानें, अंगभर कांटे असलेल्या चेंडूसारख्या एका समुद्रप्राण्याचीं अंडीं क्षारांचें प्रमाण बदललेल्या पाण्यांत ठेवलीं व मग पुन्हां साध्या समुद्राच्या पाण्यांत आणलीं. तीं पित्यावांचून वाढूं लागलीं. प्रयोगशाळेंत जीव निर्माण झाला, अशी आवई वर्तमानपत्रांनीं उठविली. लोबनें जीव निर्माण केला नव्हता. त्याचीं अंडीं अगोदरच जिवंत होतीं. १९१० मध्यें फ्रान्समधील यूजेन बातायाँ यानें बेडकीच्या अंड्यांना अगदीं बारीक सुई टोंचली, आणि त्यांतील कांहींतून बेडूकमासे निघाले. सुईनें पडलेलें तें छिद्र म्हणजे विजेनें पडणाऱ्या छिद्राचें ढोबळ पूर्वरूपच म्हणावयाचें.

सस्तन प्राण्यांवर विजेचा प्रयोग साधण्यास १९७० साल उजाडलें. पोलंडमधील वॉर्सा येथें आंजेय तार्कोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरीच्या बीजवाहिनींत असलेल्या बीजांनाच विजेचा झटका दिला. बीजें जागीं झालीं, त्यांपैकीं कांहीं गर्भाशयांत रुजलीं, आणि अर्ध्या वाटेवर सर्व मेलीं. तीं कां मेलीं, याचा उलगडा पुढें यावयाचा आहे.

नंतर हें काम शरीराबाहेर, कांचेच्या बशींत होऊं लागलें आणि पाळीव जनावरांकडे वळलें. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. डुकरिणीचीं बीजें बहुधा कत्तलखान्यांतून मिळवितात. तेथें नाहींतरी फेकून दिलीं जाणारीं अंडाशयें कोमट क्षारजलांत घालून थर्मासमधून प्रयोगशाळेंत आणतात; त्यांवरील लहान लहान फुगवट्यांतून पिचकारीच्या सुईनें रस ओढून घेतात, आणि त्या रसांतून सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक बीज वेंचतात. हीं बीजें अजून कच्चीं असतात. पोषक द्रावणांत, जनावराच्या अंगाइतक्या ऊबेंत, तीं सुमारें पावणेदोन दिवस पिकत ठेवावीं लागतात. गाईच्या बीजाला एक दिवस पुरतो. पिकलेल्या बीजाभोंवतीं चिकटलेल्या लहान पेशींचा गोतावळा झाडून टाकला, कीं तें झटक्याला तयार झालें.

झटका देण्याची जागा म्हणजे कांचेच्या पट्टीवर समांतर बसविलेल्या दोन बारीक तारा. त्यांच्यामधील फट बहुधा अर्ध्या किंवा एका मिलिमीटरची. त्या फटींत द्रावण आणि द्रावणांत बीज. हें द्रावण मिठाचें नसतें. मिठाच्या पाण्यांतून वीज सहज वाहते, त्यामुळें पाणी तापतें आणि बीज होरपळतें. म्हणून साखरेच्या जातीचा मॅनिटॉल नांवाचा, वीज न वाहूं देणारा पदार्थ वापरतात, आणि त्यांत चिमटीच्या टोंकावरहि दिसणार नाहीं इतकें कॅल्शियम व मॅग्नेशियम घालतात. मग कळ दाबली, कीं सेंटिमीटरला हजार-बाराशें व्होल्ट या प्रमाणाचा झटका बसतो. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु एका मिलिमीटरच्या फटीवर तो शंभर-सव्वाशें व्होल्टच भरतो, म्हणजे घरांतील दिव्याच्या दाबाहूनहि कमी. आणि तो टिकतो किती वेळ? एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांपैकीं तीस ते साठ भाग.

इतक्या अल्प काळांत काय होतें, हें कळण्यास त्या पापुद्र्याची जाडी लक्षांत घेतली पाहिजे. ती मिलिमीटरच्या एका लक्षांशाहूनहि कमी असते. हातबत्तींतील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. एवढ्या पातळ भिंतीच्या दोहों बाजूंमध्यें एका व्होल्टच्या आसपास दाब पडला तरी ती टिकाव धरीत नाहीं. बीजाच्या ज्या दोन बाजू तारांसमोर असतात, तेथें सूक्ष्म छिद्रें पडतात, बाहेरचें कॅल्शियम आंत घुसतें, आणि छिद्रें आपोआप बुजतात. दाब कमी पडला तर छिद्र पडत नाहीं. अधिक झाला किंवा अधिक वेळ टिकला तर तें बुजत नाहीं, आणि बीज फुटून मरतें. द्रावणांतून कॅल्शियम वगळून तोच झटका दिला, तर छिद्रें पडतात पण बीज बहुधा झोंपलेलेंच राहतें. जाग आणण्याचें सामर्थ्य विजेच्या अंगीं नाहीं, याला याहून स्वच्छ पुरावा नको.

एक अडचण मात्र राहते. शुक्रजंतूनें उठविलेल्या लाटा तासन्‌तास एकामागून एक येतात. विजेचा एक झटका एकच लाट उठवितो. फ्रान्समधील जुई-आँ-जोझास येथील कृषिसंशोधन संस्थेंत झाँ-पिएर ओझिल यांनीं या उणिवेवर नेमकें बोट ठेवलें. सशिणीच्या बीजांना ठराविक मिनिटांच्या अंतरानें पुनःपुन्हां झटके देण्याची योजना त्यांनीं केली, आणि १९९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, झटक्यांची मालिका बदलली असतां बीजाच्या पुढील वाढींतहि फरक पडतो. म्हणजे बीजाला जाग आली कीं सारें झालें, असें नाहीं. ती कोणत्या तालावर आली, याचा परिणाम गर्भावर पुढें कित्येक दिवस उरतो. पखवाजावर एकच थाप मारून भजन उभें राहत नाहीं, तशांतला हा प्रकार. ओझिल यांचे पितृहीन गर्भ सशिणीच्या पोटांत रुजले, कांहीं दिवस चांगले वाढले, पण जन्माला त्यांपैकीं एकहि आला नाहीं.

तार्कोव्स्कींचे उंदीर आणि ओझिल यांचे ससे कां मेले, याचें उत्तर १९८४ मध्यें मिळालेलें होतें. केंब्रिज येथें अझीम सुरानी व त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें मॅकग्रा व सोल्टर, यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, उंदराच्या गर्भाला आईचीं आणि बापाचीं, अशीं दोन्ही रंगसूत्रें लागतात. त्यांची संख्या पुरी असून भागत नाहीं. त्यांवर जन्मदात्याच्या रासायनिक खुणा असतात. कांहीं जनुकें आईकडून आलीं तरच काम करतात, कांहीं बापाकडून आलीं तरच. नुसत्या आईच्या रंगसूत्रांवर वाढणाऱ्या गर्भाची वार नीट धरत नाहीं, आणि तो खुंटून मरतो. मेंढी, गाय, डुकरीण यांच्यांतहि असेच गर्भ कांहीं आठवड्यांपलीकडे जगले नाहींत. उंदरांत या खुणांची मुद्दाम फेरफार करून जपानी संशोधकांनीं २००४ मध्यें आणि चिनी संशोधकांनीं २०२२ मध्यें पितृहीन उंदीर जन्मास आणले खरे. परंतु तें विजेचें कर्तृत्व नव्हे.

मग विजेचा हा खटाटोप गोठ्यांतील जनावरांवर कशासाठीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. पिकलेल्या बीजांतून त्याचीं स्वतःचीं रंगसूत्रें सूक्ष्म नळीनें शोषून काढलीं, आणि कवचाखालीं दुसऱ्या जनावराच्या शरीरांतील एक लहानशी पेशी सरकविली, तर त्या पेशींत आई-बाप दोघांच्याहि खुणांचा पुरा संच असतो. यालाच केंद्ररोपण म्हणतात. परंतु येथें शुक्रजंतु नाहीं. तेव्हां जाग कोणीं आणावयाची? शिवाय त्या दोन पेशी एकमेकींना नुसत्या चिकटून बसलेल्या असतात. त्या एकजीव कशा व्हावयाच्या? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच निघालें. प्रथम सौम्य उलटसुलट प्रवाह सोडून ती जोडी अशी वळवितात कीं, दोन पेशींमधील शीव तारांना समांतर राहील. मग झटका देतात. शिवेवरच्या दोन्ही पापुद्र्यांना छिद्रें पडतात, त्यांचे कांठ एकमेकांत मिसळतात, आणि साबणाचे दोन बुडबुडे एक व्हावे तशी लहान पेशी मोठींत विरून जाते. द्रावणांत कॅल्शियम असल्यास त्याच झटक्यानें तेंहि आंत शिरतें. जोडणी आणि जाग, दोन्ही एका कळीवर!

१९८६ मध्यें स्टीन विलॅडसन यांनीं केंब्रिज येथें मेंढीच्या कोंवळ्या गर्भांतील पेशी बीजांशीं जोडून कोंकरें मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. दहा वर्षांनीं एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेंत इयन विल्मट, कीथ कँबेल व त्यांचे सहकारी यांनीं गर्भाची पेशी सोडून, सहा वर्षांच्या पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेंतील पेशी घेतली. बीज काळ्या तोंडाच्या जातीच्या मेंढीचें घेतलें. ५ जुलै १९९६ रोजीं काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटीं पांढऱ्या तोंडाचें कोंकरूं जन्मलें. तीच डॉली. ती १४ फेब्रुवारी २००३ पर्यंत जगली, आणि तिचा पेंढा भरलेला देह एडिंबरोच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आला.

डॉलीची वार्ता १९९७ च्या फेब्रुवारींत फुटली, तेव्हां गाजावाजा इतका झाला कीं, तिच्यामागील जमाखर्चाकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. विजेनें जोडलेल्या जोड्या २७७ होत्या. त्यांतून मेंढीच्या पोटांत सोडण्याजोगे गर्भ मिळाले २९. ते १३ मेंढ्यांना वांटून दिले, आणि जिवंत कोंकरूं निघालें एक. यांत विजेला फारसा दोष देतां येत नाहीं. झटक्यानें बीज जागें होतें; परंतु कासेच्या पेशीच्या केंद्राला आपलें जुनें काम विसरून गर्भाचें काम नव्यानें शिकावें लागतें, आणि तें बहुतेकांना साधत नाहीं. पुढें अनेक देशांत गाईमेंढ्यांवर हाच प्रयोग झाला, तेव्हां गर्भ पोटांतच मरणें, वासरूं प्रमाणाबाहेर वाढून गाय अडणें, जन्मलेलें पिलूं थोड्या दिवसांत दगावणें, असे प्रकार वारंवार घडले. हा भार ज्या मुक्या जनावरांवर पडला, त्यांची गणना यशाच्या बातम्यांत क्वचितच होते.

सर्व जनावरांचीं बीजें विजेला सारखीं वश होत नाहींत. गाईच्या ताज्या बीजावर एका झटक्याचा परिणाम टिकत नाहीं. तें जागें होऊन पुन्हां पेंगतें. तेंच बीज कांहीं तास जुनें झालें, कीं लवकर उठतें. पण जुन्या बीजाचा गर्भ तितकासा चांगला होत नाहीं. म्हणून गाईच्या बाबतींत वीज जोडणीपुरती वापरून, जाग आणण्याचें काम औषधांकडे सोंपविण्याची रीत पडली. एक औषध कॅल्शियमला वाट करून देतें, दुसरें बीजाला पुन्हां थांबूं देत नाहीं.

डुकरिणीचें बीज मात्र विजेच्या हांकेला चांगली ओ देतें. तिच्या बाबतींत तर जन्माला न येणाऱ्या पितृहीन गर्भांनाहि काम मिळालें. प्रत्येक खेपेस कांहीं बीजें, केंद्र न बदलतां, नुसत्या झटक्यानें वाढवून पाहतात. तीं वाढलीं नाहींत, तर दोष बीजांत किंवा यंत्रांत आहे हें लगेच कळतें. दुसरें काम अधिक चमत्कारिक आहे. डुकरिणीच्या पोटांत आरंभीं निदान चार गर्भ नसतील, तर तिचें शरीर गर्भारपण पुढें चालूं देत नाहीं. केंद्ररोपणाचे गर्भ थोडे आणि नाजूक. म्हणून २००२ च्या सुमारास रॉस्लिनच्या संशोधकांनीं त्यांच्या सोबतीला पितृहीन गर्भ सोडून पाहिले. आरंभींचे दिवस निभावून न्यावयाचे आणि मग आपण नाहींसें व्हावयाचें, एवढीच त्यांची कामगिरी.

डुकरांवर एवढे कष्ट घेण्याचें कारण मांस किंवा चरबी हें नव्हे. डुकराचें हृदय आकारानें मनुष्याच्या हृदयाशीं जुळतें. अडचण अशी कीं, डुकराच्या पेशींवरील एक शर्करा मनुष्याच्या रक्ताला परकी वाटते व तें तिच्यावर तुटून पडतें. पेशींतील तें जनुक काढून टाकावयाचें आणि मग त्या पेशीपासून केंद्ररोपणानें डुकर निर्माण करावयाचें, हा मार्ग त्यांतून निघाला. ५ मार्च २००० रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत ब्लॅक्सबर्ग येथें, पीपीएल या कंपनीच्या प्रयत्नांनीं केंद्ररोपणाचीं पांच पिलें एकाच वेळीं जन्मलीं. त्याच शाखेंतून पुढें निघालेल्या कंपनीच्या, जनुकांत दहा फेरफार केलेल्या डुकराचें हृदय ७ जानेवारी २०२२ रोजीं बाल्टिमोर येथें एका मरणोन्मुख रोग्याला बसविण्यांत आलें. तो रोगी दोन महिने जगला.

भारतांत ही विद्या हरियाणांतील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेंत म्हशींवर रुजली. सूक्ष्म नळ्या चालविणारीं महाग यंत्रें टाळून तेथें बरेंचसें काम हातानेंच करण्याची पद्धति स्वीकारली गेली. बीजाचें कवच पाचक द्रव्यानें विरघळवून टाकावयाचें, सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक पात्यानें बीज कापून रंगसूत्रांचा भाग वेगळा करावयाचा, आणि अशा दोन बीजांचे उरलेले भाग व एक शरीरपेशी, असा तिघांचा मेळ विजेच्या झटक्यानें एकजीव करावयाचा. जाग आणण्यासाठीं मात्र तेथेंहि औषधेंच वापरण्यांत आलीं. फेब्रुवारी २००९ मध्यें जन्मलेलें पहिलें रेडकूं थोड्याच दिवसांत दगावलें. जून २००९ मध्यें जन्मलेली गरिमा सुमारें दोन वर्षें जगली. ऑगस्ट २०१० मध्यें जन्मलेली गरिमा-२ मोठी झाली, रेड्याच्या वीर्यापासून गाभण राहिली, आणि जानेवारी २०१३ मध्यें तिला महिमा नांवाची पारडी झाली. त्या खेपेस बीज जागें करण्याचें काम शुक्रजंतूनेंच केलें.